छातीवर उठलेला पंजा

कुमकिश्लाकात हासियतआपाला पाठीमागे सगळे 'गाठसोडी' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. गावच्या दवाखान्यातली ती नर्स. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पलंग आणि वीज असली तर चालणारा फ्रीज. डॉक्टर शेराबादला बसायचे. त्यामुळे गावात पोर जन्मलं की पहिले दीड महिने त्याच्याकडे येऊन-जाऊन बघणं हे काम हासियतचं, आणि ते ती सत्तावीस वर्षं करत आली होती. कुणाच्याही घरात शिरली की आधी हात धुवायची, मग थेट बेशिकापाशी, लाकडी पाळण्यापाशी, जाऊन पोराच्या मानेमागे दोन बोटं घालायची. मान ओली आणि कढत लागली की पुढे बोलणंचालणं काही नाही. हातपाय सरळ करून पोराला ज्या दोन रुंद पट्ट्यांनी बेशिकात बांधलेलं असे, ते पट्टे ती सोडायला लागायची. घरातल्या म्हातारीनं तोंडानं दुआ पुटपुटत बांधलेले पट्टे, आणि ही येऊन दोन मिनिटांत सोडणार. म्हाताऱ्या चिडत. कुणी तोंडावर बोलत, कुणी ती गेल्यावर पुन्हा बांधत. हासियत दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई.

वयानं एक्कावन्न, अंगानं बारीक, चालणं भराभर. नवरा कापसाच्या गिरणीवर होता, तो वारला. दोन मुली तेरमिझला दिलेल्या. त्या दोघींच्या आधी एक मुलगा झाला होता, तो एकोणिसाव्या दिवशी गेला. गाव ते केव्हाच विसरलं होतं.

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, त्या उन्हाळ्यात नोरबीबीच्या सुनेचे चाळीस दिवस आणि सरातानचे चाळीस दिवस एकाच वेळी आले. बाळंतिणीचे चाळीस म्हणजे तिनं उंबरा ओलांडायचा नाही, एकटं राहायचं नाही, वाऱ्याला बसायचं नाही. आणि सरातानचे चाळीस म्हणजे उन्हाचे. त्या दिवसांत सूर्य डोक्यावर येतो आणि जायचं नाव घेत नाही. त्यात त्या वर्षी नदीपलीकडून अफगाणी वारा सुटला होता. दुपारी आभाळ पिवळं पडायचं. वारा गरम, त्यात पिठासारखी धूळ. दारं लावून माणसं पडून राहत, कुत्री विझलेल्या तंदूरमध्ये शिरून बसत, आणि बारा ते चार गावात चिटपाखरू हलत नसे.

हासियतला आधी सांगितलं ते नोरबीबीच्या शेजारच्या रोबियानं. म्हणाली, त्या घरातलं पोर दुपारी रडतं. रोज, ठरल्या वेळी. आणि मग थांबतं. "थांबतं म्हणजे आपा, दमून थांबतं तसं नाही," रोबियानं आवाज खाली आणला. "कुणीतरी हात ठेवावा आणि थांबावं तसं."

नोरबीबीचं घर गावाच्या टोकाला. पुढे कोरडा कालवा आणि त्यापलीकडे मिठानं पांढरी पडलेली जमीन. तिचा मुलगा झोयिर रशियात इमारतींच्या कामावर गेलेला, ओसाड वाटावं इतकं शांत घर मागे ठेवून. घरात दोघीच: सत्तरीची नोरबीबी आणि एकोणीस वर्षांची सून गुलसानम. सून बोयसुनच्या डोंगरातली. तिकडे उन्हाळ्यातही झऱ्याचं पाणी दाताला लागतं. तिनं असं ऊन जन्मात पाहिलं नव्हतं.

नोरबीबीनं हासियतला दारातच थांबवलं. वाडग्यात इसिरिकच्या वाळक्या पाल्याच्या काड्या पेटवल्या, धूर तिच्या पायांपासून डोक्यापर्यंत फिरवला, आणि मगच आत घेतलं. हासियतनं हे मुकाट्यानं करून घेतलं. धुरीसाठी भांडायचं नाही, हे ती फार पूर्वी शिकली होती. भांडायला पुढे बरंच असतं.

खोलीत पाऊल टाकलं आणि तिचा श्वास अडला. खिडकीला दुलई ठोकलेली. कोपऱ्यात शेगडीवर किटली. दारावर लाल मिरच्यांची माळ, उशाशी सुरी आणि रोटीचा तुकडा. गुलसानम दोन अंगरखे, डोक्याला रुमाल आणि लोकरी मोजे घालून भिंतीला टेकून बसली होती. चेहरा ओला, डोळे कोरडे. बेशिकावर एकावर एक सात पांघरुणं. हासियत एकेक काढत गेली. सातवं काढलं तेव्हा आतून वाफ आली, भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर येते तशी.

पोर जागं होतं. रडत नव्हतं, वर बघत होतं. नाव ठेवलं होतं तुर्दी, म्हणजे 'राहिला'. ज्या घरात पोरं राहत नाहीत त्या घरात ठेवतात तसलं नाव. हासियतनं पट्टे सोडले, सदरा वर केला. मानेच्या वळ्यांत, काखेत, जांघेत खसखशीएवढे लालभडक दाणे उठलेले. कपाळावर दवासारखे बारीक, पाणी भरलेले फोड. अंगाला मेंढीच्या शेपटीची चरबी चोपडलेली, तिच्यावर धूळ बसलेली. हे सगळं तिला नवं नव्हतं. सरातानात दहापैकी सहा पोरांच्या अंगावर ती हेच बघायची.

मग तिची नजर छातीवर गेली. पोटापासून गळ्यापर्यंत दाण्यांचा एक ठसा उठला होता. खाली तळवा, वर चार बोटं सुटी सुटी, बाजूला अंगठा. बोटांची टोकं गळ्याच्या खळीपाशी. मधली कातडी स्वच्छ, गोरी.

"आता बोल," नोरबीबी मागून म्हणाली. "तू शिकलेली आहेस. काय आहे हे?"

"घामोळं."

"घामोळ्याला बोटं असतात का गं?"

 हासियत पुन्हा वाकली. दाण्यांवरून हलकेच बोट फिरवलं. पू नव्हता, कडा सुजलेल्या नव्हत्या. थर्मामीटर लावलं, ताप थोडका, तोही गुंडाळल्यामुळे वाटावा असा. पोरानं तिचं बोट ओठात धरून ओढलं, म्हणजे भूक शाबूत होती. हे घामोळंच होतं. फक्त त्याचा आकार तिनं कधी पाहिला नव्हता.

नोरबीबीनं मग सांगितलं ते असं. दुपारी वारा सुटला की कालव्याकडून पिवळ्या केसांची येते. अल्बास्ती. तिला बाळंतिणीचं काळीज हवं असतं, आणि ते मिळालं नाही तर पोर. ती आधी हात ठेवून बघते. नोरबीबीची पहिली दोन पोरं याच खोलीत, अशाच दुपारी गेली. त्यांच्याही छातीवर लाल होतं. "तेव्हासुद्धा तुझ्यासारखी एक आली होती पांढरा डगला घालून," ती म्हणाली. "तिनंही खिडकी उघडायला लावली होती. तिसऱ्या दिवशी मी हात लावला तर लेकरू गार. बाहेर दगड फुटत होता उन्हानं, आणि माझं लेकरू गार."

यावर हासियत वाद घालू शकली असती. तिनं घातला नाही. ती खाली बसली आणि आजीला हाक मारतात तशी हाक मारून म्हणाली, "मोमो, तीन दिवस माझ्या पद्धतीनं करू. चौथ्या दिवशी तुम्ही मुल्लाला बोलवा, मंतरणाऱ्या बख्शीला बोलवा, पाहिजे त्याला बोलवा. मी स्वतः येऊन त्यांना चहा करून देईन."

नोरबीबीनं उशाकडे पाहिलं. मग म्हणाली, "सुरी उशाखालून काढायची नाही."

"नाही काढणार."

तीन दिवसांचं काम हासियतनं दोघींना सोप्या शब्दांत समजावलं. घाम बाहेर पडायला कातडीला बारीक तोंडं असतात. तान्ह्या पोराची ती तोंडं कच्ची. वरून दुलया, चरबी, धूळ असली की बुजतात. घाम आतल्या आत साचतो, कातडी फुगते, लाल दाणा होतो, टोचतो, म्हणून पोर रडतं. औषध काही नाही. कातडी उघडी राहिली, गार राहिली, कोरडी राहिली की तोंडं आपोआप मोकळी होतात. मग तिनं खिडकीवरची दुलई काढली आणि ओली चादर लावली. शेगडी अंगणात नेली. तुर्दीला साध्या, किंचित कोमट पाण्यानं आंघोळ घातली. चरबी निघण्यापुरता एकदाच साबण, नंतर नाही. पुसताना घासायचं नाही, फडक्यानं टिपायचं, आणि वळ्या बोटानं उघडून वाऱ्यावर वाळू द्यायच्या. जुना, धुऊन धुऊन विरलेला सुती सदरा, बस्स. चरबी नाही, तेल नाही, पावडरसुद्धा नाही, कारण घामात तिचाही चिखल होतो. बेशिकात ठेवायचंच असेल तर झोपेपुरतं, पट्टा एकच आणि त्याखाली सबंध हात जाईल इतका ढिला. दूध जितक्या वेळा मागेल तितक्या वेळा द्यायचं, वर पाणी पाजायचं नाही. दाण्यांत पिवळा पू दिसला, ताप चढला, पोर दूध ओढेनासं झालं, तर कुणाची वाट न बघता शेराबाद.

"आणि तुझे ते मोजे काढ," ती गुलसानमला म्हणाली.

गुलसानमनं सासूकडे पाहिलं. नोरबीबीनं मान फिरवली, म्हणजे परवानगी दिली. पोरीनं मोजे काढले तेव्हा तिच्या घोट्यांवरही दाणे उठलेले होते.

दुसऱ्या दिवशी कपाळावरचे फोड वाळले. तिसऱ्या दिवशी मान, काखा, जांघा फिकट गुलाबी झाल्या. हात लावला तर नुसतं खरखरीत लागत होतं. हासियतला बरं वाटलं. तिनं सदरा वर केला.

पंजा तिथेच होता. तिथेच म्हणजे जुना नव्हे. जुने दाणे बसत आले होते, त्यांच्यावर नव्यानं, ताजे, लाल उठले होते, आणि बोटं जराशी वर सरकली होती. मधलं बोट आता गळ्यावर होतं.

तिला वाटलं होतं नोरबीबी टोमणा मारील. नोरबीबी मारती तर बरं झालं असतं. म्हातारी हळूच जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी तिनं आपले गुडघे धरले.

हासियतनं आपला हात त्या ठशावर, न टेकवता, वरच्यावर धरून पाहिला. तिचा हात लहान पडला. नोरबीबीची बोटं संधिवातानं वाकलेली, ती तर सरळ होणंच शक्य नव्हतं. गुलसानमचा हात तिनं मागितला, धरून पाहिला. नाजूक हात, हासियतच्या हाताहूनही आखूड. घरात तिसरं माणूस नव्हतं. कातडीवर दाणे कुठे उठतात? जिथे काहीतरी ओलं आणि गरम, बराच वेळ टेकून राहतं तिथे. पट्टा तर तिनं स्वतः ढिला केला होता. मग काय टेकत होतं?

"उद्या दुपारी मी इथे बसते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधीच ती आली. वारा पहाटेपासूनच चढला होता. गल्लीत समोरचं घर दिसत नव्हतं, आणि तोंडावरचा रुमाल धुळीनं कडक झाला होता. नोरबीबी दाराबाहेरच्या ओसरीत आडवी झाली, बाळंतिणीवर पहारा म्हणून, आणि रोजच्यासारखी पाचच मिनिटांत झोपली. गुलसानम चटईवर कुशीला वळून पडली. तुर्दी बेशिकात. हासियत घडी करून रचलेल्या दुलयांना टेकून कोपऱ्यात बसली. ओल्या चादरीतून येणारा उजेड पिवळसर होता, आणि खोलीतल्या वस्तू पाण्याखाली असाव्यात तशा दिसत होत्या. चादर अर्ध्या तासात वाळली. उठून ती पुन्हा भिजवावी असं हासियतच्या मनात आलं, पण अंग उठलं नाही.

तिला झोप लागली नव्हती. हे ती पुढेही ठामपणे सांगायची. भिंतीवर वाळू घासत होती, त्याचा आवाज येत होता. मग त्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. बाई गुणगुणत होती. अंगाईचीच चाल, आपल्याकडे सगळ्याच आया गातात ती, पण शब्द लागत नव्हते. हासियतला वाटलं रोबिया असेल भिंतीपलीकडे. मग तिला आठवलं की रोबियाचं घर दुसऱ्या बाजूला आहे. या भिंतीपलीकडे कालवा.

तुर्दी रडला. एकदाच, जोरात.

गुलसानम उठून बसली. डोळे उघडे होते. ती उभी राहिली, दोन पावलं चालली, बेशिकावर वाकली आणि पट्ट्याखालून हात घालून तिनं तो पोराच्या छातीवर ठेवला. पोर तत्क्षणी गप्प झालं. ती तशीच उभी राहिली. पापणी हलत नव्हती. घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून बेशिकाच्या लाकडावर थेंब थेंब पडत होता. हासियतला थेंबांचा आवाज ऐकू येत होता. किती वेळ गेला? तिनं नंतर घड्याळ पाहिलं तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. इतका वेळ आपण का उठलो नाही, याचं उत्तर तिनं स्वतःला खरं तेच दिलं: भीती वाटली. कारण गुलसानमचा चेहरा तिला बाजूनं नीट दिसत होता, तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि गुणगुणणं चालूच होतं.

मग ओठ हलले. "ऊन लागतंय," गुलसानम म्हणाली. आवाज अगदी सपाट. "अजून ऊन लागतंय. अजून आहे."

ते शब्द हासियतच्या ओळखीचे होते. ती उठली, पोरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ओढलं नाही, हाक मारली नाही. फक्त आपला हात पोरीच्या हातावर ठेवला. तो निखाऱ्यासारखा तापलेला होता आणि त्याखाली तुर्दीची छाती भराभर वरखाली होत होती. हळूहळू, एकेक बोट करून तिनं तो हात सोडवला. सगळीकडे एकदम शांत झालं. वाराही पडल्यासारखा वाटला.

गुलसानमनं तिच्याकडे पाहिलं. आता डोळ्यांत ओळख होती.

"आपा," ती म्हणाली, "गाणं का थांबवलंत?"

हासियतनं तिचा हात आपल्या हातात घेतला. मग म्हणाली, "घसा कोरडा पडला."

तिनं पोरीला चटईवर बसवलं, पाणी दिलं, रुमालानं तिचं तोंड टिपलं. मग गुलसानम बोलायला लागली आणि थांबेना. सातव्या दिवशी मोमोनं त्या दोन पोरांची गोष्ट सांगितली होती, गार पडलेल्या. तेव्हापासून तिला झोप नाही. रात्रभर ती पोराचे श्वास मोजायची. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी काय होतं ते तिला आठवत नसे. जाग यायची तेव्हा हात ओला असायचा आणि पोराच्या छातीवर तो ठसा. "मला वाटायचं ती येऊन जाते," ती म्हणाली. "मग वाटायला लागलं की मीच ती होत चाललेय. आरशात बघायची भीती वाटते, आपा. केस पिवळे दिसतील म्हणून."

हासियतनं तिच्या डोक्यावरचा रुमाल मागे सारला. घामानं चिकटलेले काळे केस होते. त्यांतली एक बट तिनं पोरीच्या डोळ्यांसमोर धरली. "काळे आहेत. बघ."

आणि मग तिनं तिला ते सांगितलं जे मुलींनाही सांगितलं नव्हतं. तिचा मुलगा एकोणीस दिवसांचा होता. सरातानच होतं. तेव्हा ती स्वतः एकवीसची, नर्सिंग व्हायचं होतं, आणि पट्टे तिनंच बांधले होते, घट्ट, सासूनं शिकवले तसे. दुपारी सगळे झोपले. ती उठली तेव्हा तो गेलेला होता. त्यानंतर ती दीड महिना त्या रिकाम्या बेशिकात हात घालून बसायची. गादीवर हात दाबून धरायचा, घामानं गादी ऊन व्हायची, आणि तिला वाटायचं, अजून आहे. एक दिवस सासूनं बेशिक फोडून तंदूरमध्ये घातलं. तेव्हा ती आधी ओरडली आणि मग झोपली. दोन दिवस झोपली.

"तुझं पोर आहे," ती गुलसानमला म्हणाली. "हात काढलास तरी आहे. तू आता झोप. मी बसलेय."

पोर आणि आई दोघं झोपल्यावर ती ओसरीत गेली आणि नोरबीबीला उठवून सगळं सांगितलं. गुणगुणण्याचं सोडून. हात सुनेचा आहे. झोपेत ठेवते, तास तास ठेवते. ओल्या, तापलेल्या हाताखाली कातडीची तोंडं बुजतात, म्हणून बरोबर तेवढ्याच जागी घामोळं उठतं. पोराला काही झालेलं नाही. पोरीला मात्र व्हायला आलंय, आणि तिला डॉक्टरकडे न्यायला हवं, उद्याच.

नोरबीबी आत गेली. झोपलेल्या सुनेचा हात उचलून तिनं बराच वेळ निरखला, मग नातवाचा सदरा वर करून पाहिलं. बाहेर आली.

"लहान आहे तिचा हात," ती म्हणाली.

"हात सरकतो, मोमो. घाम पसरतो. ठसा मोठा उमटणारच."

"तुला पटतंय का हे?"

"हो," हासियत म्हणाली.

शेराबादच्या डॉक्टरांनी गुलसानमला तपासलं. झोप नाही, काळजीनं मन थकलंय, एकटं ठेवू नका, दर आठवड्याला आणा, असं सांगितलं आणि गोळ्या दिल्या, अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशा. तिची आई बोयसुनहून आली. येताना तिनं डोंगरातलं ताक आणलं आणि विहिणीशी पहिल्याच दिवशी भांडण काढलं. त्या भांडणानं घरात जरा जीव आला. हासियतनं बाळंतिणीचं अंथरूण त्या खोलीतून हलवलं. अंगणात उत्तरेला द्राक्षाच्या मांडवाखाली बसायनिजायची रुंद लाकडी सुपा होती, तिच्यावर मच्छरदाणी लावून दिली. चाळीस दिवसांत उंबरा ओलांडायचा नाही म्हणून नोरबीबी अडून बसली. शेवटी हासियतनं सुपा भिंतीला भिडवून घेतली आणि म्हणाली, छप्पर एकच आहे, मांडव घराचाच, ओलांडलाच कुठे उंबरा? नोरबीबीला हसू आलं की नाही ते कळलं नाही, पण तिनं सुरी आणि रोटीचा तुकडा स्वतः उचलून सुपेवर आणून ठेवला.

दुपारचा पहारा आता नोरबीबीनं घेतला, आणि यावेळी ती झोपली नाही. तुर्दी पातळ फडक्यावर उघडा पडलेला, आजी जवळ बसून वर्तमानपत्रानं वारा घालते आहे, आणि पलीकडे सून तोंड उघडं टाकून, मेल्यासारखी गाढ झोपली आहे. हासियत रोज येऊन हे बघून जायची. पाचव्या दिवशी छातीवरचे दाणे वाळले. कोंड्यासारखी बारीक साल निघाली आणि खालून कोरी कातडी आली. नवा ठसा उठला नाही.

चाळिसावं झालं. चाळीस चमचे पाणी ओतून मायलेकरांना आंघोळ घातली, शेजारणी जेवून गेल्या. हासियत निघाली तेव्हा नोरबीबी तिच्यासोबत फाटकापर्यंत आली. तिथे थांबून तिनं विचारलं, "माझी दोन... घट्ट बांधल्यामुळे गेली का?"

हासियतला 'नाही' म्हणता आलं असतं. म्हातारीला तेच हवं असेल कदाचित. "मला माहीत नाही, मोमो," ती म्हणाली. "माझ्या मुलाचंही मला माहीत नाही. तीस वर्षं झाली."

नोरबीबीनं मान हलवली. मग खिशातून दोन वाळलेली जर्दाळू काढून, पोराला द्यावीत तशी तिच्या हातावर ठेवली आणि आत गेली.

त्या गुणगुणण्याबद्दल हासियत पुष्कळ वर्षं कुणाशी बोलली नाही. निवृत्त झाल्यावर एकदा धाकट्या मुलीला सांगितलं. मुलगी म्हणाली, सत्तेचाळीस डिग्रीत बंद खोलीत चार तास बसल्यावर तुला गाणंच काय, समुद्रही ऐकू आला असता. असेल, हासियत म्हणाली. वारा भिंतीच्या भोकातून शिट्टी घालतो, हेही खरंच होतं. गुलसानमनं काय ऐकलं, ते मात्र हासियतनं तिला कधीच विचारलं नाही.

पुढच्या सरातानात तुर्दीच्या मानेवर पुन्हा घामोळं आलं. साधं, सगळ्या पोरांना येतं तसं. आता तो रांगत होता आणि पकडल्याशिवाय पाण्याखाली यायचा नाही. गुलसानमनं स्वतःच त्याचे केस कापले, दोनदा आंघोळ घातली, उघडा सोडला, आणि तिसऱ्या दिवशी रोबियाबरोबर निरोप धाडला की आपांनी उन्हात यायची गरज नाही, उतरलं आहे. हासियत तरीही गेली. पोरानं तिच्या बॅगेतलं थर्मामीटर ओढून काढलं आणि ते परत मिळवायला दोघींना बराच वेळ लागला.

झोयिर रशियाहून आला तेव्हा नोरबीबीनं त्याला त्या खोलीची कालव्याकडची खिडकी विटांनी बुजवायला लावली आणि आत कांदे भरले. तो हसला, म्हणाला, हवा नाही, अंधार आहे, महिन्यात सडतील. सडले नाहीत. भर सरातानातही ती खोली आतून गार असते, असं नोरबीबी सांगते. कांदे आणायला ती सुनेला पाठवत नाही, स्वतः जाते, आणि दुपार टळल्यावरच जाते.